मुसळ केरात

अन्याय झाला तो आमच्या शेजारच्या काकींवर. कधी, तेही सांगते: गेल्या साली किंक्रांतीच्या दिवशी सकाळी, गवंड्यांचा चहा पिऊन झाल्यावर. कुठे, तर पेणमध्ये, काकींच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात. आणि त्या वेळी काकी तिथे नव्हत्या.

करणारा परका नव्हता. काकींचाच मुलगा होता, आणि त्याने जे केलं ते आईच्या मायेपोटी केलं. म्हणून तर लिहायला बसले. चोरीची तक्रार पोलिसात देता येते. मायेची कुठे द्यायची?

काकी पोह्याचे पापड करायच्या. पेणमध्ये हे सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. इथे गणपती करणारे कारखाने जसे आळीआळीत, तशाच पापड लाटणाऱ्या बाया घराघरात. कारखान्यांवर पाट्या आहेत. बायांच्या घरांवर पाटी नाही, म्हणून ती कामाची जागा आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

मी घरबसल्या काम करणाऱ्या बायकांच्या संघटनेत आहे. पत्रकं लिहिते, छापून आणते, दारोदार वाटते. काकींच्या दारात पहिल्यांदा गेले तेव्हा मी या आळीत राहायला आले नव्हते, गावाच्या दुसऱ्या टोकाहून आले होते, आणि हातात असाच गठ्ठा होता. मी उंबऱ्यात उभी राहून बोलायला सुरुवात केली. आत पाच-सहा बाया गोल करून बसलेल्या, मधे काकी. त्यांनी मान वर केली नाही.

"आधी खाली बस."

"काकी, दोनच मिनिटं घेणार आहे."

"दोन मिन्टांचं असंल तर रस्त्यावरून वरडून जा. उभ्या मान्साशी मी बोलत नाय."

बसले. तेव्हा त्या काय करत होत्या ते दिसलं. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेलं, दुसरं उजव्या हातात, दोरा ताणलेला. डाव्या हातात पिठाची लांब वळी. वळी पुढे सरकायची, दोरा तिच्यातून जायचा आणि परातीत लाटी पडायची. सुरी नाही, माप नाही. बोलणं चालू, भांडण चालू, लाट्या पडतायत.

"वाच काय ल्हिवलंयस ते."

मी वाचायला घेतलं, "श्रमिक भगिनींनो..."

"भगिनी कोन?"

"तुम्ही."

"मग काकी म्हन की सरळ."

बाया हसल्या. पत्रक संपेपर्यंत मी तीनदा अडखळले. काकींनी कागद बोटांत धरून चुरचुरवून पाहिला. "कागद चांगला हाय गो. तेल टिपंल."

संघटनेच्या सभासद मात्र झाल्या. का, तर म्हणे एवढ्या लांब येऊन पोरगी खाली बसली.

हा त्यांचा नेम सगळ्यांना होता. बँकेचा माणूस आला, खाली बसला. दुकानदार माल न्यायला आला, बसला. एकदा सर्व्हे करणाऱ्या एक मॅडम आल्या, कडक इस्त्रीची साडी. त्यांनी उभ्यानेच विचारलं, "घरात कमावणारे किती?" काकी म्हणाल्या, "बसा, मग मोजू." मॅडम बसल्या नाहीत. त्यांच्या कागदावर काकी 'गृहिणी' झाल्या. मी चिडून दुसऱ्या दिवशी त्यावर पत्रक काढलं. काकींना त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. "तिची साडी नवी व्हती गो," म्हणाल्या.

काकी साध्याभोळ्या होत्या असं कुणी समजू नये. तोंडाने फटकळ होत्या आणि स्वतःच्या पापडाविषयी त्यांना भलता गर्व होता. पलीकडच्या आळीतल्या पापडांना त्या 'चामडं' म्हणायच्या. हिंग किती, खार किती, असं कुणी विचारलं की प्रत्येकीला वेगळं प्रमाण सांगायच्या आणि पाठ वळली की डोळा मारायच्या. घराला लागून गणपतीचा कारखाना. तिथली पांढरी भुकटी वाऱ्याबरोबर अंगणात यायची. पापड वाळत घातले की काकी कुंपणापाशी जाऊन ओरडायच्या, "ए मूर्तिकारा! तुझा देव तुझ्याकडं ठेव. माझ्या पापडात नको घालूस!" मूर्तिकारही तेवढाच: "काकी, प्रसाद समजा!" मग ते दोघं अर्धी सकाळ भांडत. पापड शेवटी गच्चीवर जात. हे दरवर्षी.

आता स्वयंपाकघराविषयी. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही म्हणाला असता, हे पाडायला हवं. लांबट, बुटकी, काळवंडलेली खोली. एका कोपऱ्यात गुडघाभर उंचीचा ओटा, दुसऱ्या कोपऱ्यात मोरी. बाकी सगळी मोकळी जमीन, कोब्याची, वापरून गुळगुळीत झालेली. आणि जमिनीच्या बरोबर मधे उखळ. दगडाचं, काठापर्यंत जमिनीत पुरलेलं. नवखा माणूस पाय घालून पडायचा. पापडाचं पीठ त्यात कुटायचं. दोघी समोरासमोर बसणार, एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली, आणि तिसरी मधे हात घालून पीठ परतवणार. तिचा हात कधी चेचला गेला नाही, कारण काकी तालावर बोलत असायच्या. कुणाच्या सुनेने काय केलं, कुणाचा नवरा कुठून आला, सगळं त्या तालावर.

उखळ काकींचं, पण आळीतली प्रत्येक हळद त्यात कुटलेली. लग्नघरी घाणा भरायचा असला की वरमाय आणि तिच्या सुवासिनी काकींच्या स्वयंपाकघरात यायच्या. दोन मुसळं एकत्र बांधायची, आंब्याची पानं लावायची, उखळात हळकुंड टाकून गाणी म्हणत कांडायचं. काकींचे यजमान गेले त्या वर्षी शेजारचं लग्न निघालं. बाया आल्या आणि दारात घुटमळल्या. विधवेचं घर. काकींनी बाहेर बसावं की काय, हे कुणी तोंडाने बोलेना. काकींनीच तोंड उघडलं.

"उखळ माझं, मुसळ माझं, आन मी भायेर बसू व्हय?"

पहिला घाव त्यांनी घातला. तेव्हापासून आमच्या आळीत पहिला घाव काकींचाच. हे मला सुगंधाने सांगितलं. सुगंधा म्हणजे काकींच्या समोर बसून मुसळ चालवणारी, काकींहून तिखट तोंडाची. ती म्हणाली, "तुमी पत्रकं काडता ना, ते आमी कवाच केलंय." काकींच्या मुलाच्या लग्नाची हळद याच उखळात कुटली. पहिला घाव आईचा.

तो मुलगा रोह्याला कंपनीत ऑपरेटर. शिफ्टची नोकरी, तिथेच फ्लॅट. चांगला मुलगा आहे. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. लहानपणी तो मुसळाच्या आवाजाने जागा व्हायचा आणि त्याच आवाजात झोपायचा. आईचे खांदे दुखायचे तेव्हा तेल लावून चोळून द्यायचा. त्याने तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, की पगार हातात आला की आईचं हे कुटणं बंद करायचं. त्याला आवाज ऐकू यायचा तो कष्टाचा. आत बसलेल्या बायांचं हसणं त्याच आवाजात होतं, ते त्याला वेगळं ऐकू आलं नाही.

पुढे तो बाप होणार होता. त्याच्या बायकोला आई नाही. काकी म्हणाल्या, बाळंतपण मी करीन. दिवस होते संक्रांतीचे. पापडाचा हंगाम संक्रांतीनंतर सुरू होतो, उन्हं तापली की जोर धरतो. सुगंधा कुरकुरली. काकी म्हणाल्या, "पापड काय, मागाहून बी व्हतील. पोर थांबत नाय गो." जाण्याआधी त्यांनी उखळ धुतलं, पुसलं आणि त्यावर पाट ठेवला. मुसळं भिंतीला टेकवली आणि रोह्याच्या गाडीत बसल्या.

सुगंधा सांगते, किंक्रांतीला सकाळी टेम्पो आला. या करीच्या दिवशी आमच्याकडे कुणी नवीन कामाला हात लावत नाही. कंत्राटदाराने लावला, कारण गवंडी त्या दिवशी मोकळे होते. मी तेव्हा संघटनेच्या कामाने बाहेरगावी होते. परत आले तर काकींच्या दारात राडारोड्याचा ढीग, त्यात कोब्याचे तुकडे, जुन्या ओट्याच्या विटा, मोरीचा दगड. आणि सगळ्यांत वर, कचऱ्याच्या गाडीची वाट बघत, दोन मुसळं. मी ती ओढून बाहेर काढली. एकाच्या टोकाची लोखंडी कडी, वसवी, निघाली होती, दुसरं मधोमध चिरलं होतं. दोन्ही कामातून गेलेली; पुसून परत ढिगाशी टेकवली.

आत काकींचा मुलगा रजा टाकून उभा होता, केसांवर सिमेंट. मला बघून हसला. "ताई, आईला सांगू नका हां. सरप्राइज आहे."

"उखळ?" मी विचारलं.

"निघेना. फार खोल आहे. काँक्रीट भरून घेतलं. वर लादी बसली की कळणार पण नाही."

लादी बसत होती. मी त्याच्याशी भांडले. म्हटलं, ही तुझ्या आईची कामाची जागा आहे. तुझ्या कंपनीत तू नसताना कुणी येऊन तुझं मशीन काढून नेलं तर चालेल का? तो गोंधळला. त्याला खरंच वाटलं की मी चेष्टा करतेय. "अहो ताई, मशीन काय, खड्डा होता तो," म्हणाला.

सव्वा महिन्याने काकी आल्या. सून आणि नातू रोह्यालाच, मुलगा घेऊन आला. दाराला तोरण. आळीतल्या आम्ही सगळ्या जमलो होतो. मुलाने आईचा हात धरला आणि म्हणाला, "डोळे मीट, आई." काकींनी डोळे मिटले. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं, काकी कुणाच्या सांगण्यावरून डोळे मिटतात हे.

उघडले तेव्हा समोर काळ्या ग्रॅनाईटचा उंच ओटा, खाली ट्रॉल्या, वर कपाटं, चिमणी, भिंतीवर पांढऱ्या टाइल्स, जमिनीवर चकचकीत लाद्या. मुलगा एकेक ट्रॉली ओढून दाखवत होता. चमच्यांची वेगळी, ताटांची वेगळी, सिलिंडरची वेगळी. काकी प्रत्येकीला हात लावत होत्या. "छान हाय." नळ फिरवून पाहिला. "गोल फिरतो व्हय? छान हाय." तोंडाने हे चाललं होतं आणि खाली त्यांचा उजवा पाय लादीवर काहीतरी चाचपत होता. पुढे, मागे, थोडा बाजूला.

"इथं व्हतं ना रे?"

"हो आई. भरून टाकलं!" तो म्हणाला. "आता कुटणं बंद. माझ्या जन्माच्या आधीपासून कुटतेयस. बस झालं." आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी कितीही चिडलेली असले तरी ते पाणी खरं होतं हे लिहायलाच हवं.

"आन मुसळं?"

"ती... त्या कचऱ्यात गेली वाटतं."

सुगंधा मागून पुटपुटली, "घ्या. सगळं केलं आन मुसळ केरात."

हशा फुटला. काकीही हसल्या, पदर तोंडाला लावून. ही म्हण आपण सगळेच वापरतो. मुख्य गोष्ट राहिली आणि बाकी थाटमाट झाला, असं म्हणायचं असलं की. मीही पत्रकात वापरली आहे. पण म्हणीतलं मुसळ खरोखर केरात पडलेलं पाहिलेली, त्यावरची धूळ पुसलेली, अशी मी त्या खोलीत एकटीच होते. मला हसता आलं नाही.

"बसायचं कुठं?" काकींनी विचारलं.

मुलाने उंच स्टूल पुढे केलं. त्याला वाटलं आई दमली. काकी मुळात बुटक्या. दोघींनी हात देऊन त्यांना वर बसवलं. पाय जमिनीला लागेनात. त्या तिथे बसून राहिल्या, पाय लोंबत, आणि मुलाने फोनवर फोटो काढला.

मग उशिरा का होईना, हंगाम सुरू झाला. नव्या स्वयंपाकघरात पाच बाया बसतील एवढी जमीनच उरली नव्हती. ओटा आणि ट्रॉल्यांनी दोन्ही बाजूंनी जागा खाल्ली होती, मधे जाण्यायेण्यापुरती पट्टी. बाया ओट्याभोवती उभ्या राहिल्या. उभ्याने दोरा कशाला बांधणार? सुगंधाने टोक नळाला बांधून पाहिलं. नळ गोल फिरला. "छान हाय," सुगंधा काकींच्या आवाजात म्हणाली. काकींनी तिच्या पाठीत धपाटा घातला.

पीठ मिक्सरमध्ये घातलं, मिक्सरचा जळका वास यायला लागला. सुटं उखळ आणून अंगणात ठेवलं, तर मूर्तिकाराची भुकटी. पडवीत ठेवलं, तर प्रत्येक घावाला ते सरकायचं. पापड झाले, पण लाटताना काठाला चिरायचे. जो दुकानदार वर्षानुवर्षं खाली बसून माल न्यायचा, त्याने माल परत पाठवला. स्वतः आला नाही, माणसाजवळ पाठवला. काकींना तेच लागलं.

चैत्रात सुगंधा पलीकडच्या आळीत जाऊ लागली. तिलाही घर आहे, दोन मुली आहेत. जायच्या आधी काकींना सांगायला आली, दारात उभी राहिली. काकी तिला खाली बस म्हणाल्या नाहीत.

"चामडं लाटायला चाललीस?"

"व्हय."

"हात नीट चालव तितं. माझं नाव जाईल."

सुगंधा रडत गेली.

मी काकींच्या मागे लागले. रोज. म्हटलं, मुलाला सांगा.

"काय सांगू?"

"मोडलंस म्हणून सांगा. तुमचं काम मोडलं त्याने."

"त्यानं बांधलं गो," काकी म्हणाल्या. "मोडलं कुठं?"

मला मालक कळतो, साहेब कळतो, अधिकारी कळतो. घोषणा कुठे तोंड करून द्यायची ते ठाऊक असतं. काकींनी माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं.

"तुझं भांडान कंपनीशी. माझं कोनाशी? पोरानं हौशीनं केलं. त्याला कळलं तर तो जेवायचा नाय." आणि मग: "तुला ल्हिवायचं तर ल्हिव. त्याचं नाव नको घालूस."

नाव घातलेलं नाही.

वैशाखात एका दुपारी आवाज ऐकू आला म्हणून मी धावत गेले. काकी लादीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि दोन्ही हातांनी पहार आपटत होत्या. लादी फुटली होती. जागा बरोबर शोधली होती, उखळाचा काठ दिसत होता. आत काँक्रीट. मी छिन्नी-हातोडी घेऊन आले. दोघींनी घाव घातले. काँक्रीटचे कण उडत होते आणि त्याबरोबर उखळाच्याच काठाचे कपचे निघत होते. दगड आणि काँक्रीट एक झाले होते. काकींनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. दगड दुखतोय."

त्यांनी लादीचे तुकडे गोळा केले, जसे होते तसे जागेवर मांडले आणि वर पायपुसणं टाकलं. मग म्हणाल्या, "च्या ठेव. त्या उंच्यावर ठेव, मला पोचत नाय."

पुढच्या सुट्टीला मुलगा आला. पायपुसणं पायाने सरकलं आणि त्याला लादी दिसली.

"हे काय झालं, आई?"

"वरवंटा पडला हातातून."

मुलाचा चेहरा उतरला. त्याला लादीचं काही नव्हतं. आईच्या हातून वस्तू पडायला लागल्या, हे त्याच्या मनात बसलं. एकटी राहते, काही झालं तर कुणाला कळायचंही नाही. त्याच आठवड्यात तो तिला रोह्याला घेऊन गेला. तिचं सामान एका पिशवीत मावलं. आळीत कुणी अडवलं नाही. मुलगा आईला घरी नेतोय, यात अडवण्यासारखं काय दिसणार?

रोह्याला मी एकदाच जाऊन आले. पेणहून दुपारची गाडी, नागोठणे, निडी, मग रोहा. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, स्वच्छ. सुनेने आपुलकीने विचारपूस केली, सरबत दिलं. काकी सोफ्यावर होत्या, मांडीवर नातू. मला बघून त्यांनी समोरच्या खुर्चीकडे बोट केलं.

"बस."

खुर्चीवर बस, असं काकींनी मला सांगितलं. मी खाली फरशीवरच बसले. त्यांना ते आवडलं, पण त्या खाली उतरल्या नाहीत. मांडीवर मूल होतं.

सून आत गेली तशा त्या वाकल्या आणि हळूच विचारलं, "सुगंधाचे पापड तडकतात ना गो तितं?"

"तडकतात," मी म्हटलं.

काकींचा चेहरा असा काही खुलला. तडकत नव्हते. सुगंधा त्या आळीत सगळ्यांना शिकवत होती आणि माल मुंबईला जात होता. पण हे मी तिथे सांगायला हवं होतं असं मला आजही वाटत नाही.

"दिवसभर काय करता?" मी विचारलं.

"ह्याला धरते. टीव्ही बघते. सून काय करू देत नाय. बसा म्हनते, तुमी लई केलंत." मग खिडकीतून बाहेर बघत, सहज बोलल्यासारखं: "इतं खालच्या मजल्यावर कोन ऱ्हातं ठाव नाय. घाव घातला तर वरडंल."

श्रावण सरताना काकी गेल्या. झोपेत. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. मी डॉक्टर नाही, माझ्याकडे दुसरं कारण नाही.

तेरावं पेणला घातलं, मुलानेच हट्ट केला. काकींच्या नव्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच मोठा स्वयंपाक झाला. आळीतल्या बाया आल्या, पलीकडच्या आळीतल्याही आल्या, सुगंधा आली. जागा नाही म्हणून एकमेकींना खेटून ओट्याशी उभ्या राहिल्या. चिमणी चालू होती, तिचाच आवाज.

पानं उठल्यावर मुलगा माझ्याजवळ आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. म्हणाला, "ताई, तुम्ही शेजारी होतात. आईला आवडलं होतं ना किचन?"

गोड बोलणं हे माझं काम नाही. तरी त्या दिवशी भांडले नाही. एवढंच म्हटलं, "तू तिला विचारलं होतंस का?"

मला वाटलं होतं, तो मान खाली घालेल. त्याने घातली नाही. तो सरळ माझ्याकडे बघत म्हणाला:

"विचारलं होतं. ती रोह्याला आली त्याच रात्री. म्हटलं, आई, पेणच्या किचनचं थोडं काम काढू का? ती सुनेच्या पायाला तेल लावत होती. म्हणाली, तुला बरं वाटंल तसं कर."

त्याने विचारलं होतं. तिने उत्तर दिलं होतं. सगळं रीतसर झालं होतं. या देशातल्या बाईला असं उत्तर द्यायला आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं, आणि तिने ते दिलं की तिची संमती म्हणून खिशात घातलं. शाळा कुठली, लग्न कुठे, मुलं किती, शेत विकायचं की ठेवायचं. तुम्हाला बरं वाटेल तसं करा. हे वाक्य तुमच्याही घरात ऐकू येतं. कान द्या, आजच ऐकू येईल.

म्हणून हे शोकाचं लिहिणं इथे थांबवते आणि तुमच्याकडे वळते. तुम्ही, वाचणारे. तुमच्या घरी कधीतरी टेप घेऊन माणूस येईल. ओटा किती उंच, कपाट कुठे, जुनं काय काढायचं, हे तो तुम्हाला विचारेल, कारण बैठकीत तुम्ही बसलेले असाल. त्याला उत्तर देऊ नका. उठा, आत जा. जी तिथे रोज राबते तिला विचारा, की इथलं काय मोडायचं नाही. ती हातातलं काम न थांबवता म्हणेल, तुम्हाला बरं वाटेल तसं करा.

ते उत्तर घेऊन बाहेर येऊ नका. पुन्हा विचारा.